दाताला नमस्कार करायचा नसतो

मॅडम, अन्याय तुमच्यावर झाला. कधी, तेही सांगतो. तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी दहाच्या प्रॅक्टिकलला, डेंटलच्या दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये. तुमच्या फोटोच्या हारातली गळालेली फुलं अजून फळ्याखाली पडलेली होती, आणि तुमच्या जागी आलेले सर अख्ख्या बॅचसमोर म्हणाले, "ताठ बसण्याचे पाच मार्क आजपासून बंद. फायनलला बसण्याला मार्क नाहीत, मग आपण कशाला द्यायचे? उगाच पोरांचं इंटर्नल खाली येतं."

मी तिथं नव्हतो. मी आता इंटर्न आहे, माझी ड्यूटी खालच्या ओपीडीत. येवल्याच्या शाहीननं मला जिन्यात गाठून सांगितलं. तुमची शाहीन, जिला तुम्ही "ताठ कणा" म्हणून हाक मारायचात. ती तिथंच, लॅबमध्ये उभी राहिली आणि तिनं विचारलं, "सर, म्हणजे आता वाकलं तरी चालेल?"

सर म्हणाले, "दाढ नीट कोरली गेली पाहिजे. कोण कसं बसलं होतं, ते दाढेला कळत नाही."

"दाढेला नाही कळत सर, पाठीला कळतं. माझ्या अब्बांची पाठ पैठणीच्या मागावर गेली. मी डॉक्टर होऊन तीच पाठ घेऊन घरी जाऊ का?"

सरांनी तिला बसायला सांगितलं. कसं बसायचं, ते नाही सांगितलं.

सर वाईट माणूस नाहीत, हे मी लिहून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, "पुढारी, शिव्या देणं सोपं असतं." शाहीन म्हणाली, बोलत असताना सरांचा डावा हात सगळा वेळ स्वतःच्या मानेवर होता. चोळत होते. त्यांनाही दुखतंय मॅडम. आपल्या धंद्यात कुणाला दुखत नाही? पण ज्याला दुखतं, तोच म्हणतो, आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा. याचाच मला संताप येतो.

तुम्ही कुठं जन्मलात, काय शिकलात, किती वर्षं शिकवलंत, ते गुरुवारी शोकसभेत कुणीतरी कागद धरून वाचेल. मी नाही वाचणार. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

पहिल्या दिवसापासूनचं भांडण ते. आम्ही दुसऱ्या वर्षाला आलो, लॅबमध्ये ओळीनं डमी डोकी बसवलेली, रबराचे गाल, प्लास्टिकचे दात. आमच्या टेबलावरच्या डोक्याला आम्ही लगेच "मामा" नाव देऊन टाकलं. मामाच्या वरच्या दाढेत खड्डा कोरायचा होता. वरची दाढ सरळ बघून दिसत नाही. डाव्या हातात छोटा आरसा धरायचा, त्यात बघायचं आणि उजव्या हातानं मशीन चालवायचं. आरशात सगळं उलटं. हात पुढे नेला की आरशात मागे येतो. दहा मिनिटांत आम्ही सगळ्यांनी आरसे बाजूला ठेवले, माना घातल्या मामाच्या तोंडात, आणि लागलो कोरायला. मी तर एवढा वाकलो होतो की माझं कपाळ मामाच्या नाकाला टेकलं.

मागून तुमचा आवाज आला. "हाई काय शे?"

तुम्ही सटाण्याकडच्या. चिडलात की अहिराणी बाहेर यायची, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मान वर केली.

"नाव काय तुझं?"

"सागर."

"सागर, दाताला नमस्कार करायचा नसतो. झाला असेल करून, तर सरळ बस."

सगळी लॅब हसली. मी लालबुंद. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पंचवटीतून आणलेली ती पिशवी टेबलावर उलटी केलीत. घुंगरं. पैंजणाला असतात ती, एकेक सुट्टी, लाल दोऱ्यात ओवलेली. प्रत्येकानं गळ्यात घालायचं. ताठ बसलं की घुंगरू छातीवर टेकून गप्प. पुढे वाकलं की ते अधांतरी लोंबायचं आणि हात हलेल तसं किणकिणायचं. अख्खी लॅब देवळाबाहेरच्या बाजारासारखी वाजायला लागली. तुम्ही खुर्चीत बसून डोळे मिटायचात आणि नुसत्या आवाजावरून सांगायचात, "तिसरी रांग, खिडकीकडचा. मान."

मी तेव्हा नुकताच होस्टेलच्या मेसवरचं पत्रक काढून नावारूपाला आलो होतो. हात शिवशिवत होते. मी रातोरात तुमच्याविरुद्ध पत्रक लिहिलं. मथळा होता, "आम्ही गुरं नाही!" सकाळी लॅबच्या दाराला चिकटवलं. आत काय काय होतं. मानवी प्रतिष्ठा, हुकूमशाही, गळ्यात घंटा बांधण्याची मानसिकता. आणि शेवटच्या परिच्छेदात, जागा उरली म्हणून, मी लिहिलं होतं की निम्म्या स्टुलांचे खटके तुटलेत, बसलं की स्टूल हळूहळू खाली जातं, आणि खाली गेलेल्या स्टुलावर बसून मान ताठ ठेवायची कशी ते मॅडमनीच करून दाखवावं.

तुम्ही आलात, दाराशी उभ्या राहून सगळं वाचलंत, कागद काढलात आणि आत येऊन सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलात. "हुकूमशाही"ला आलात तेव्हा तुम्हालाच हसू आवरेना. मग चष्मा काढून म्हणालात, "कुणाचं आहे ते विचारत नाही, भाषेवरून कळतंय. पुढारी, सुरुवातीचा सगळा मजकूर फुकट आहे. शेवटचा परिच्छेद खरा आहे. तो वर घे."

त्या दिवसापासून मी पुढारी. कॉरिडॉरमध्ये, ओपीडीत, पार्किंगमध्ये. "काय पुढारी, आज कुणाचा निषेध?"

आणि त्या दिवसापासून ते भांडण. मी म्हणायचो, आधी स्टूल. स्टूल धड नाही, खुर्चीचा दिवा धड नाही, आणि तुम्ही पोरांच्या मानेला दोष देताय. तुम्ही म्हणायचात, "मागा ना स्टूल. मीपण मागते. पण ते येईपर्यंत तुझी मान काय सुट्टीवर जाणार आहे?" मी म्हणायचो, आम्ही मोडक्या स्टुलावर ताठ बसायला शिकलो, तर ते नवीन कशाला देतील? म्हणतील, चाललंय की. तुम्ही म्हणायचात, "आणि तू वाकून बसलास, तर घाबरून देतील का? वाकलेल्या माणसाला कोण घाबरतं रे?"

याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही मॅडम. पण माझा मुद्दाही खोटा नव्हता. तुम्ही तो कधी मान्य केला नाहीत.

द्राक्षांचे दिवस आले की तुम्ही ओझरच्या बाजूनं पेटी आणायचात. आम्हाला वाटलं पार्टी. तुम्ही प्रत्येकाच्या डमीच्या तोंडात, वरच्या दाढेमागं, एकेक द्राक्ष बसवलंत. त्याच्याकडे थेट बघायचं नाही. आरशात बघून, दात कोरायच्या चमच्यानं त्याचं साल उतरवायचं. गर फुटता कामा नये, मान हलता कामा नये. माझं पहिलं द्राक्ष ॲप्रनवर, दुसरं मामाच्या डोळ्यात. शेजारची प्राजक्ता म्हणाली, "मॅडम, हा चटणी करतोय." तुम्ही माझ्यामागं येऊन उभ्या राहिलात, माझी दोन्ही कोपरं धरून अंगाशी लावलीत, आणि म्हणालात, "हात घाई करतो, कारण मान घाबरलीय. मान मागे घे, डोळ्याला लांबून बघू दे. हाताला वाट सापडते." आणि सापडली. सालाची एक लांब पट्टी निघाली, आतलं द्राक्ष ओलं, चकाकतं, अख्खं. मी ते खाल्लं नाही. होस्टेलवर नेऊन सगळ्यांना दाखवलं. संध्याकाळपर्यंत ते काळं पडलं, तरी टाकवेना.

तोपर्यंत मला वाटायचं, हाताची कला देणगी असते, ज्याचा हात चांगला त्याचा चांगला. मेणाची दाढ कोरताना माझा ठोकळा नेहमी ढेकळासारखा दिसायचा, म्हणून मी स्वतःला नापास करून टाकलं होतं. तुम्ही एका द्राक्षावर ते खोडून काढलंत. यासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आभार मानायला आलो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, "वाकू नकोस, फुकटची कंबर खर्च होते." दिवाळीनंतर पोरं पाया पडायला यायची, त्यांना तुम्ही हेच सांगून पळवून लावायचात.

पण खरं काय ते मला तिसऱ्या वर्षी कळलं, ओपीडीत. सिन्नरकडची एक आजी आली होती, वरची दाढ ठणकत होती. मी खुर्ची मागे न्यायला लागलो, तशी ती दोन्ही हातांनी खुर्ची धरून उठून बसली.

"आडवं नाय व्हायचं."

"आजी, आडवं झाल्याशिवाय दिसत नाही."

"तरण्या पोराम्होरं मी काय आडवी पडू? बसल्या बसल्या काय कराचं ते कर."

आता आजीला कसं सांगायचं? ती ताठ बसली, मी वाकलो. तिची मान खाली, म्हणून माझी आणखी खाली. पदर सावरत ती तोंड उघडायची, मी कंबरेत मोडून आत बघायचो. माझ्या पाठीत कळ आली, पण मला वाटत होतं, मी सभ्यपणा करतोय. मोठ्या माणसापुढे वाकायचं, मोठ्या माणसाला "असं करा, तसं करा" म्हणायचं नाही, हेच घरी शिकलोय. आपण सगळे असेच वाकतो मॅडम. मला कुणी आळशीपणानं वाकलेलं दिसलं नाही. सगळे मान देता देता मान घालवून बसतात.

तुम्ही बघितलंत. स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून आजीच्या पायांवर घातलीत, पदर नीट करून दिलात. "आजी, पाय झाकले. आता वर त्या पंख्याकडं बघायचं, दुसरीकडं नाही." आणि मला डोळ्यांनी खूण केलीत. मी स्टूल ओढून आजीच्या डोक्यामागं गेलो.

आजी आडवी झाली. क्षणभरानं म्हणाली, "बया, त्यो डाक्टर कुठं गेला?"

"आहे तुमच्या डोक्यामागं."

"मंग असू द्या. दिसत नाय तवर लाज नाय." आणि तिनं आ केला.

मी ताठ बसून, आरशात बघून तिची दाढ साफ केली. हात एकदाही अडखळला नाही. तिला दुखलं नाही. जाताना ती तुमची शाल घडी घालून देत म्हणाली, "पोरगं दिसलं नाय, पर हात लय हलका हाय त्याचा." तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. त्या नजरेवर मी अजून चाललोय.

तुमची मान कशानं गेली, ते तुम्ही कधी रडगाणं म्हणून सांगितलं नाहीत, पण लपवलंही नाहीत. इथं द्वारका चौकात तुमचा दवाखाना होता. सकाळ-संध्याकाळ गर्दी. मानेच्या मणक्यात दाब आला, डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली, आणि एक दिवस पेशंटच्या तोंडात तुमच्या हातातून आरसा सुटला. लागलं कुणाला नाही. पण तुम्ही त्याच आठवड्यात दवाखाना बंद केलात. "मला कुणी सांगितलं नव्हतं," तुम्ही म्हणालात, "माझ्या कॉलेजात म्हणायचे, काम बघा, स्वतःकडं काय बघता." एवढंच. मग चहाचा कप दोन्ही हातांनी धरून घोट घेतलात.

आणि मी, मूर्खासारखा, त्याच दिवशी तुम्हाला टोमणा मारला. म्हणालो, "लॅबमध्ये आम्हाला सांगता वाकू नका, पण प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये तुम्ही कशा बसता ते आम्हाला कुठं माहितेय?"

तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "चल दाखवते." आणि खरंच घेऊन गेलात. मी दाराशी उभा. तुम्ही खुर्चीच्या काठावर, पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले, जसं आम्हाला शिकवलंत तसंच. स्टुलं मागितलीत. साहेब म्हणाले, बजेट नाही. तुम्ही म्हणालात, खटके दुरुस्त करा. साहेब म्हणाले, बघू. तुम्ही उठला नाहीत. बसूनच राहिलात, काही न बोलता. साहेबांना कळेना काय करावं. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "मॅडम, दुसरं काही मागा." आणि तुम्ही म्हणालात, "मग इंटर्नलच्या विसातले पाच मार्क बसण्याला. माझ्या लॅबमध्ये. त्याला पैसे लागत नाहीत."

असे आले ते पाच मार्क. स्टूल मागायला गेलात आणि मार्क घेऊन आलात. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हरलात." तुम्ही म्हणालात, "अर्धी." आणि पुढच्या परीक्षेला आमच्या बॅचच्या सगळ्या माना वर होत्या, कारण पोरांना मानेपेक्षा मार्काची काळजी जास्त असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. शिकवलेलं सगळे विसरतात, जिथं मार्क आहेत तेवढं करतात. म्हणून ते पाच मार्क म्हणजे नुसते मार्क नव्हते, आमची तिशी-चाळिशीतली मान होती ती. आणि तेच शुक्रवारी एका वाक्यात काढून घेतले.

आपली शेवटची भेट पार्किंगमध्ये. तुम्ही ॲक्टिव्हावर, नेहमीसारख्या ताठ, जणू आरशात बघून गाडी चालवताय. हेल्मेट घालता घालता म्हणालात, "पुढारी, ते स्टुलाचं पत्रक पुन्हा लिही. आता मीपण सही करते."

मला खरंच वाटेना. "मॅडम, कॉलेजविरुद्धच्या पत्रकावर?"

"कॉलेजविरुद्ध कशाला? स्टुलाच्या बाजूनं. शिव्या कमी घाल. आणि शेवटचा परिच्छेद वर."

"म्हणजे माझा मुद्दा मान्य? आधी स्टूल?"

तुम्ही गाडी चालू केलीत. "सोमवारी सांगते," म्हणालात.

तो शनिवार होता. सोमवारी सकाळी तुम्ही गेलात.

काय सांगणार होतात? हो म्हणणार होतात, की नेहमीसारखं "मान काय सुट्टीवर जाणार का" म्हणून हसणार होतात? मी हे रोज उलटसुलट करतोय. कधी वाटतं, तुम्ही माझ्या बाजूला आला होतात. कधी वाटतं, दोन्ही एकच होतं आणि ते कळायला मलाच उशीर झाला. ताठ बसलेला माणूसच स्टूल मागू शकतो, आणि धड स्टुलावरच माणूस फार वेळ ताठ बसू शकतो. तुम्ही आतून ढकलत होतात, मी बाहेरून. पण हे मी माझ्या सोयीचं बोलतोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "गोड बोलू नकोस, मुद्द्यावर ये."

मुद्द्यावर येतो. हेच ते पत्रक मॅडम. शिव्या कमी घातल्यात. तुमची सही नाही, तरी तुमचंच आहे. आणि तुम्ही सांगितलं होतंत तसा शेवटचा परिच्छेद वर नाही घेता आला मला, कारण तो आता तुमच्याशी नाही, हे वाचणाऱ्यांशी बोलायचा आहे.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही मॅडमच्या कुठल्याही बॅचचे असा, शहरात दवाखाना चालवत असा, दुसऱ्या वर्षाला आत्ता आलेले असा, किंवा नुसते आमच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेले पेशंट असा, गुरुवारी चार वाजता कॉलेजच्या सभागृहात या. व्यासपीठावरून जाहीर होणार आहे की सर्वांत सुबक खड्डा कोरणाऱ्याला, मग तो कसाही वाकून बसलेला असो, मॅडमच्या नावाचा चषक देणार. टाळ्या वाजवू नका. मुलांनो, लॅबमधलं आपापलं मोडकं स्टूल उचलून आणा आणि त्यावर बसा, ते खाली जाताना सगळ्यांना दिसू द्या. आणि उभे राहून हात वर करून दोनच गोष्टी मागा. बसण्याचे पाच मार्क परत, आणि स्टुलांचे खटके दुरुस्त. "बघू" म्हणाले तर मॅडम बसल्या होत्या तसे बसून राहा. सरांनो, तुम्हीही. तुमची मान दुखतेय हे आम्हाला माहीत आहे.

आणि येताना पंचवटीतून एक घुंगरू घ्या, लाल दोऱ्यात ओवा, गळ्यात घाला. कारण शेवटी सगळ्यांना सांगतील, उभे राहा, माना खाली घाला, दोन मिनिटं शांतता. उभे राहा. शांतही राहा. पण मान खाली घालू नका. समोर बघा. सगळं सभागृह भरलेलं असेल, प्रत्येकाच्या गळ्यात घुंगरू असेल, आणि त्या दोन मिनिटांत एकही वाजता कामा नये.